मुक्त क्लोरीनचे वाचन मिनिटागणिक का चढते?

प्रश्न (जलसुरक्षक, वाळवा तालुका):
आमची योजना कृष्णेतून पाणी उचलते. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आल्यापासून डीपीडीची (क्लोरीन असल्यास गुलाबी रंग देणारे रसायन) क्रमांक १ ची गोळी, म्हणजे मुक्त, कशाशीही न जोडलेला क्लोरीन मोजणारी, टाकताच ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर दिसते आणि तीच नळी पाच मिनिटे ठेवली की ०.४ होते. एकूण (मुक्त आणि जोडलेला) क्लोरीन मोजणारी क्रमांक ३ ची गोळी टाकल्यावर १.६ येते. टीसीएलची (ब्लीचिंग पावडर) मात्रा वाढवली, तर हे एकूण वाचन उलट घटले. आमचे जुने सहकारी ओ.टी.चा (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासण्याचे जुने रसायन) पिवळा रंग पाहून पाणी सोडतात. चूक मोजणीत आहे की पाण्यात?

उत्तर (निवृत्त रसायनतज्ज्ञ, मिरज):
पाण्यात अमोनिया आलेला दिसतो. क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून मोनोक्लोरामाइन बनते आणि ते डीपीडीला सावकाश रंग देते, तर मुक्त क्लोरीनचा रंग तत्काळ येतो. म्हणून वाचन एका मिनिटाच्या आत घ्यावे. तुमचे ०.२ आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या किमान मर्यादेवर नेमके बसत असले, तरी मला त्याचाही भरवसा वाटत नाही, कारण अमोनिया शिल्लक असताना मुक्त क्लोरीन सहसा टिकत नाही. एकूण वाचन घटले, यात नवल नाही. क्लोरीनचे प्रमाण अमोनियातील नायट्रोजनच्या साधारण पाचपटीपुढे गेले की क्लोरामाइन मोडू लागते आणि प्रत्यक्षात दहापटीच्या आसपास खंडबिंदू (क्लोरामाइन मोडून संपण्याचा टप्पा) येतो. मुक्त क्लोरीन त्यानंतरच उरतो. म्हणजे ०.३ मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ३ मिलीग्रॅम क्लोरीन लागेल, शिवाय गढूळपणा खाईल तो वेगळा. ओ.टी. मुक्त क्लोरीन आणि क्लोरामाइन या दोन्हींना पिवळा रंग देते, त्यामुळे थांबून पाहिलेल्या रंगावरून मुक्त क्लोरीन कळत नाही. शिवाय ते रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे.

उत्तर (जलशुद्धीकरण चालक, कराड):
दोन्ही गोळ्यांसाठी एकच नळी वापरता का? क्रमांक ३ मध्ये पोटॅशियम आयोडाइड असते आणि त्याचा अंशमात्र अवशेष राहिला, तरी पुढच्या चाचणीत क्लोरामाइन मुक्त क्लोरीन म्हणून मोजले जाते. आमच्याकडे हा घोळ आठवडाभर चालला होता.

प्रश्नकर्ता:
नळी एकच होती, तीही नुसती झटकून वापरलेली. आज नव्या नळीत मिनिटाच्या आत वाचन जवळजवळ शून्य आले. अमोनिया तपासायला नमुना पाठवला आहे. तोवर टीसीएल टप्प्याटप्प्याने वाढवून प्रत्येक टप्प्याला, क्लोरीनला अर्धा तास देऊन, दोन्ही वाचने नोंदवत आहे.