‘द केनेल मर्डर केस’ (१९३३): बंद खोलीचं कोडं चोख की योगायोगांचा ढीग?

काळीपांढरी: (रहस्य फुटणार आहे, चित्रपट पाहिला नसेल तर इथेच थांबा.)
दिग्दर्शक मायकल कर्टिझचा हा ७३ मिनिटांचा चित्रपट बंद खोलीच्या रहस्यपटांत मी सगळ्यात वर ठेवते. आर्चर को खुर्चीत मेलेला, डोक्यात गोळी, हातात पिस्तूल, दाराला आतून कडी. आत्महत्याच वाटते. पण तपासणीत खंजिराची जखम सापडते, आणि गोळी तर मेल्यानंतर लागलेली! कडी बाहेरून कशी लावली हे गुप्तहेर फिलो व्हान्स करून दाखवतो: दोरा, टाचणी, किल्लीचं भोक. कडी लावणारा मात्र खुनी नाहीच. भाऊ ब्रिस्बेन मारायला आला आणि झोपलाय समजून मृतदेहावर गोळी झाडून गेला. कडीचं कोडं सुटतं, तरी खुनी मोकळाच. खरी कमाल ती.

आतलीकडी: नाही पटत. कडी सरकते आडवी, दोरा बाहेर येतो दाराच्या जाडीतून सरळ. ओढ काटकोनात वळवायला टाचणी कप्पीसारखी रोवावी लागते. कडी जरा घट्ट असली की टाचणी वाकते, दोरा आत अडकतो आणि पुरावा खोलीतच राहतो. बरं, तेही चालवून घेऊ. पण खंजीर बसलेला माणूस जिना चढून खोलीत जातो? आणि एकाच रात्री दोन मारेकरी?

काळीपांढरी: जिन्याचा आक्षेप टिकत नाही. १८९८ साली जिनिव्हात ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथवर लुकेनीनं अणकुचीदार केलेल्या कानशीनं वार केला. ती उठून बोटीपर्यंत चालत गेली, मग कोसळली. अरुंद हत्याराची जखम बाहेरून जवळपास मिटते, रक्त आत हृदयाभोवती साठत जातं. हृदय पुरतं दाबलं जाईपर्यंत माणूस चालू शकतो. दोन मारेकऱ्यांचं मात्र मान्य, तो योगायोगच.

रिळवाला: कर्टिझकडे कुणी बघतच नाहीये. उलगडा म्हणजे नुसतं भाषण, तिथे हे चित्रपट हमखास झोपतात. इथे व्हान्स घरांची छोटी मॉडेलं मांडतो, आणि खुनाचा प्रसंग कॅमेरा खुन्याच्या नजरेतून दाखवतो. सगळं दिसतं, चेहरा तेवढा नाही. विल्यम पॉवेलचा हा चौथा आणि शेवटचा व्हान्स, तोही इथेच सगळ्यात सहज.

आतलीकडी: कॅमेऱ्याबद्दल वाद नाही. पण शेवट? खरा खुनी, आर्चरचा सेक्रेटरी, अडकतो तो डॉबरमन अंगावर धावून जातो म्हणून. त्या रात्री सळईचा मार खाल्लेला कुत्रा मारणाऱ्याला ओळखतो, हे खरं. तर्कानं मात्र त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. कुत्रा त्या रात्री घरात नसता, तर व्हान्सच्या हातात काय होतं?