केगेल करूनही शिंकताना लघवी सुटते, काय चुकतंय?

साताऱ्याची_सून
वय 44. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकट्याला चिमटा लावून काढलं. तेव्हापासून शिंक आली किंवा पाण्याची बादली उचलली की थोडी लघवी सुटतेच. भाचीच्या हळदीत नाचताना परकर ओला झाला, मी सरबत सांडलं म्हणून वेळ मारून नेली. आता एसटीने जायचं असेल तर सकाळपासून पाणीच पीत नाही. सासूबाई म्हणतात, बाईच्या जातीला हे असायचंच. यूट्यूबवर बघून दीड महिना केगेल करतेय, म्हणजे लघवी धरून ठेवणारे स्नायू आवळायचा व्यायाम; मी लघवी करताना मध्येच धार थांबवते. फरक शून्य. ऑपरेशनच लागणार का?

कोथरूडची_मावशी
अगं, मीही चार महिने मन लावून चुकीचंच केलं! शेवटी फिजिओकडे गेले. तिने आधी विचारलं, मग हातमोजा घालून आतून तपासलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही वर ओढत नाही, खाली ढकलताय." वर श्वासही कोंडून धरत होते. ढकलून ढकलून उलट नुकसानच.

फिजिओ_ताई
धार थांबवणं हे स्नायू कुठला ते एकदा ओळखण्यापुरतं. रोज केलंत तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. त्यापेक्षा चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवळतो तसं आवळा आणि आत-वर खेचा. पोट, मांड्या, कुल्हे सैल. सोडतानाही पूर्ण सोडा. एका खेपेला निदान 8 वेळा, दिवसातून 3 खेपा, किमान 3 महिने. दीड महिन्यात ऑपरेशनचा विचार नको. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका.
पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की घाई वाढते आणि बद्धकोष्ठाने कुंथणं आलं.
केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1948 मध्ये हा व्यायाम मांडला, तेव्हा तोही आतला दाब मोजणारं यंत्र वापरून बाईला दाखवत असे. म्हणून एकदा तपासून घ्याच. काहींचे स्नायू सैल नसून ताठरलेले असतात, संबंधाच्या वेळी दुखतं. त्यांना केगेलने त्रास वाढू शकतो. लघवीत रक्त, जळजळ किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

साताऱ्याची_सून
आत्ता भांडी घासता घासता करून पाहिलं. श्वास धरतेच आहे मी! जळजळ, रक्त काही नाही. जाईन, पण आतून तपासणार म्हटल्यावर घरी काय सांगू?

कोथरूडची_मावशी
मी कंबरदुखी सांगितली होती. तिसऱ्या खेपेला हे सोडायला आले आणि दारावरची पाटी वाचत उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. येताना उसाचा रस पाजला, आणि घरी आल्यावर गव्हाचा डबा स्वतः उचलून गिरणीत नेला.