लांबचा सायकलप्रवास, खर्चाची वही आणि छोटी चैन: तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना जुन्या पॅनिअरच्या (कॅरिअरला बाजूने अडकवायची पिशवी) आतल्या खिशात एक वही सापडली. तळहाताएवढी, पावसाने फुगलेली. सायकलवरच्या ४७ दिवसांचा हिशेब आहे तिच्यात. बहुतेक पानांवर तेच ते: जेवण, मुक्काम, केळी, ट्यूब. पण २३व्या दिवसाच्या पानावर चेनच्या काळ्या तेलाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा आहे आणि शेजारी एवढंच लिहिलंय, "आईस्क्रीम. दोन. दोन्ही मीच."

तो दिवस लख्ख आठवला. सकाळी दोन पंक्चर, दुपारभर समोरून वारा, आणि चढ संपल्यावर दिसलेलं ते एकुलतं एक दुकान. त्याच्या आदल्या आणि पुढच्या पानावरचं मात्र काही म्हणजे काही आठवत नाही.

धागा काढायला निमित्त हे. आठवड्याहून मोठा सायकलप्रवास केलेल्यांनी लिहा: हिशेब ठेवता का, कसा ठेवता आणि चैनीचं काय करता? रकमा नकोत. प्रत्येकाचा देश वेगळा, काळ वेगळा, खिसा वेगळा. किती गेले यापेक्षा कशावर गेले आणि मग काय झालं, ते सांगा.

माझी पद्धत आधी सांगतो. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘लागलं म्हणून’, उजवीकडे ‘वाटलं म्हणून’. घरी येऊन बेरीज केली तर उजवी बाजू एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याइतकीही भरेना. आणि प्रवासभर मी स्वतःला बोल लावत होतो ते नेमके त्याच बाजूवरून!

* * *

मस्त विषय. मी एकटी फिरते, सगळ्यात मोठा प्रवास तीन महिन्यांचा. वही मला झेपत नाही. संध्याकाळी तंबू ठोकून झाला की पेन धरायचाही कंटाळा येतो. म्हणून माझी डबी.

सकाळी निघताना त्या दिवसापुरते पैसे हँडलबारच्या बॅगेत, बाकीचे पॅनिअरच्या तळाशी. रात्री बॅगेत जे उरेल ते पंक्चर किटच्या पत्र्याच्या डबीत. डबीतले पैसे फक्त चैनीचे. जेवणाला कमी पडले तर उद्याच्या पैशातून उचल, पण डबीला हात लावायचा नाही.

एक अडचण आली. खराब रस्त्यावर ती नाणी इतकी खुळखुळायची, की काहीतरी ढिलं झालंय असं वाटून मी दोनदा उतरून कॅरिअरचे आणि मडगार्डचे स्क्रू तपासले. शेवटी जोडीदार हरवलेला एक मोजा होता, त्यात नाणी गच्च बांधली. मोजा सोडायचा कार्यक्रम दर रविवारी. पहिल्या रविवारी काय घेतलं असेन? नवा टॉवेल. जुना मेला वाळायचाच नाही. टॉवेल ही चैन होती की गरज, यावर माझं अजूनही एकमत झालेलं नाही.

* * *

आमची चैन म्हणजे चार भिंती आणि गरम पाणी. आठ रात्री तंबू, नवव्या रात्री छप्पर, हे निघण्याआधीच ठरलेलं असतं. ठरवलं नाही तर पहिल्या पावसाला मन वळतं, दुसऱ्याला वळतं, आणि महिन्याच्या शेवटी तंबू नुसता ओझं म्हणून आपल्यासोबत फिरतो. उलटंही करायचं नाही, बरं का. ‘आज हवा छान आहे, वाचवू’ म्हणून नववी रात्र पुढे ढकलली की बाराव्या दिवशी चिडचिड सुरू होते, आणि चिडलेल्या माणसाचा हात जास्त सुटतो.

* * *

वही, डबी, मोजा वाचून मजा आली. मी स्प्रेडशीटवाला. दर किलोमीटरमागे खर्च, आठवड्याची सरासरी, रंगीत आलेख, सगळा सरंजाम. बायको म्हणते, सायकल कमी चालवतोस, तक्ते जास्त. पण तक्त्यामुळे दोन गोष्टी कळल्या, ज्या अंदाजाने कधीच कळल्या नसत्या.

पहिली, विश्रांतीचा दिवस सगळ्यात महाग. मला वाटायचं, ९० किलोमीटर मारले की खाणं जास्त, म्हणजे खर्च जास्त. आकडे उलटं सांगत होते. चालत्या दिवशी सहा-सात तास खर्च करायला हातच मोकळे नसतात. बसत्या दिवशी खोलीचं भाडं, धुणं, दोन्ही वेळचं टेबलावर बसून जेवण, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिकामा वेळ. रिकामा माणूस दुकानांच्या काचांतून बघत हिंडतो. माझ्या तक्त्यात बसता दिवस चालत्याच्या जवळपास अडीचपट निघाला. म्हणून काही विश्रांती कमी केली नाही, गुडघे आपलेच आहेत. रोजची मर्यादा काढून टाकली आणि आठवड्याची ठेवली. सहा चालते दिवस, एक बसता, सगळ्यांची मिळून एकच रक्कम. रोजची मर्यादा असली की बसत्या दिवशी अपराधी वाटतं आणि चालत्या दिवशी उगाच श्रीमंत.

दुसरी गोष्ट सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. परक्या देशातलं एटीएम कधीकधी विचारतं, व्यवहार तुमच्या घरच्या चलनात करायचा का? ओळखीचा आकडा दिसतो म्हणून बोट आपोआप ‘हो’वर जातं. तिथे विनिमयाचा दर आपली बँक ठरवत नाही, समोरचं मशीन चालवणारा ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याला महागच पडतो. स्थानिक चलन निवडायचं. शिवाय दर वेळी ठरावीक शुल्क कापलं जात असेल तर थोडे थोडे पैसे दहादा काढू नका. कमी वेळा काढा, जास्त काढा आणि तीन ठिकाणी विभागून ठेवा. हे कळेपर्यंत माझ्या शीटमध्ये ‘बँक’चा रकाना ‘कॉफी’च्या पुढे गेला होता, आणि मी काटकसर म्हणून बंद काय केलं होतं, तर कॉफी.

अवांतर: रकाने कसे पाडावेत याचा घोळ होत असेल तर जपानी ‘काकेइबो’ बघा. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चासाठी ही हिशेबाची वही काढली. हल्ली त्या पद्धतीत चार भाग करतात: गरजेचं, आवडीचं, मनाच्या मशागतीचं आणि अचानक आलेलं. घरासाठी बनवलेली वही सायकलला चपखल बसते. संग्रहालयाचं तिकीट तिसऱ्यात, तुटलेला स्पोक चौथ्यात.

* * *

वय वर्षे ६३. पहिला मोठा प्रवास निवृत्तीनंतर. लेकीने फोनवर हिशेबाचं ॲप टाकून दिलं होतं. घामेजल्या बोटाला स्क्रीन दाद देईना, चौथ्या दिवशी ते प्रकरण मिटलं.

मी पोटाच्या हिशेबाबद्दल लिहितो, कारण खिशाचा हिशेब तिथेच बिघडतो. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण १५०० ते २००० कॅलरींचा. सामान घेऊन मध्यम वेगाने चालवलं तरी तासाला ४०० ते ६०० खर्च होतात. त्यातला काही वाटा चरबी उचलते, पण साठा तळाला गेला की पायांतलं त्राण जातं आणि डोकं चालेनासं होतं. अशा अवस्थेत दुकानात शिरलेला माणूस स्वतःच्याच खिशावर दरोडा घालतो.

एकदा मी असाच शिरलो. काय काय उचललं ते बाहेर पायरीवर बसून खाताना कळलं. निम्म्याहून जास्त पिशवी तशीच उरली. त्यात मधाची एक अख्खी काचेची बाटली होती. ती माझ्यासोबत चार मोठे चढ चढली, टाकवेना आणि संपेना. तेव्हापासून दर पाऊण तासाला थोडं तोंडात टाकतो, भुकेची वाट बघत नाही. लांब पल्ल्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २७ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक-दोन केळ्यांत काम भागतं. दुकानात जायचं ते भरल्या पोटी, आणि यादी हातात घेऊन.

चैनीचं विचाराल तर दुपारी झाडाखाली बूट काढून वीस मिनिटं आडवं होणं. खर्च शून्य. तरी वहीत लिहितो.

* * *

काका, मधाची बाटली भारी!

आम्ही नवरा-बायको, वही एकच. भांडणाचं मूळ कॉफी. मला दिवसातून दोनदा लागते, त्याला वासही सोसत नाही. अकराव्या दिवशी साहेबांनी बेरीज करून वही पुढ्यात ठेवली, "तुझ्या कॉफीत एक टायर आला असता." मग मी त्याच्या पोस्टकार्डांची आणि तिकिटांची बेरीज मांडली. पुढचे दोन तास अबोला. त्या दोन तासांत तो माझ्या मागच्या चाकाला चिकटून चालला होता, म्हणजे समोरचा सगळा वारा मी झेलायचा आणि त्याने आडोशाने यायचं. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

संध्याकाळी तह झाला. जेवण, मुक्काम आणि सायकलींची दुरुस्ती सामाईक. कॉफी, पोस्टकार्डं ज्याच्या त्याच्या खिशातून, आणि ते वहीत लिहायचंच नाही, कुणी कुणाला विचारायचंही नाही. अपवाद एकच: खिंडीच्या माथ्यावर जो आधी पोचेल त्याने दुसऱ्याला हवं ते पाजायचं. हरणाऱ्याने नाही, जिंकणाऱ्याने. तेव्हापासून माथा दिसू लागला की त्याला नेमकं फोटो काढायचं सुचतं.

* * *

मी जरा विरोधी सूर लावतो. १९व्या दिवशी मी हिशेब सोडला. वाटेतल्या एका घरी न विचारता जेवायला बसवलं, आणि पहिला घास घेताना माझ्या डोक्यात काय, तर ‘आजचे इतके वाचले’. स्वतःची लाज वाटली. त्याच रात्री उरलेल्या पैशांची उरलेल्या आठवड्यांइतकी पाकिटं केली आणि वही बंद. पाकीट संपलं की संपलं. शेवटच्या आठवड्यात ते बुधवारीच संपलं. पुढचे दिवस पाव आणि पीनट बटर. तक्रार नाही.

* * *

चैनीबद्दल सगळे लिहितायत, मी नको त्या काटकसरीबद्दल लिहितो. माझी महागात पडलेली बचत: चेन.

नव्या चेनचे २४ दुवे पिनेपासून पिनेपर्यंत मोजले तर बरोबर १२ इंच भरतात. साधी पट्टी पुरते. तीच लांबी १/१६ इंचाने वाढली की चेन बदलायची. १/८ पर्यंत जाऊ दिली तर ती मागच्या कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) दातही सोबत घेऊन जाते. मला हे माहीत होतं, पट्टीही होती. पण ‘अजून एक आठवडा’ करत राहिलो. चेन पुढे तुटली, तेव्हा नवी घातली, तर झिजलेल्या दातांवर ती प्रत्येक चढाला कटकट करत घसरू लागली. कॅसेट गावात नव्हती. सायकल बसच्या टपावर चढवून मोठ्या शहरात, तिथे एकच दुकान. माझी नड बघून त्याने काय भाव लावला असेल ते सांगायला नको. चेनचे वाचवलेले पैसे, कॅसेट, बसभाडं आणि दोन बसते दिवस (स्प्रेडशीटवाले दादा, अडीचपट लक्षात आहे) यांची बेरीज मी कधी केली नाही. हिंमत झाली नाही.

आता दर १०० किलोमीटरला थोडे पैसे ‘सायकल’ नावाने बाजूला काढतो, काही मोडलेलं नसलं तरी. चेन, टायर, ब्रेक पॅड रोज थोडे थोडे झिजतातच, आपण फक्त एकाच दिवशी पैसे मोजतो. आणि त्या खात्यात कधी थोडे जास्त साचले तर चेनला चांगलं तेल. स्वच्छ पुसलेली, तेल घातलेली चेन सकाळी आवाज न करता फिरते ना, माझ्यासाठी तेच आईस्क्रीम.

* * *

धागाकर्ता पुन्हा एकदा. सगळ्यांचे आभार, मोज्याची आयडिया ढापणार आहे.

जमेच्या बाजूबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. पूर्वीच्या मोठ्या प्रवाशांना ती असायची. ॲनी लंडनडेरी १८९४ साली सायकलवर जग फिरायला निघाली तेव्हा एका झऱ्याच्या पाण्याच्या कंपनीने सायकलवर पाटी लावण्याचे तिला १०० डॉलर दिले, आणि ‘लंडनडेरी’ हे नावसुद्धा त्या कंपनीचंच. वाटेत ती आपले फोटो आणि सह्या विकायची. हाइन्झ श्ट्यूके १९६२ मध्ये जर्मनीतून निघाला, पन्नासेक वर्षं फिरला, ६ लाखांहून जास्त किलोमीटर झाले. तोही स्वतःच्या प्रवासाच्या पुस्तिका विकत फिरायचा.

माझ्या वहीत ४७ दिवसांत जमेची नोंद एकच आहे. दिवस ३१वा. रस्त्याच्या कडेला एक पोरगा सायकल उलटी करून बसला होता, त्याचं पंक्चर काढून दिलं. "जमा: अर्धं चॉकलेट, त्याच्या खिशात वितळलेलं." डावीकडे लिहायचं की उजवीकडे, ते तेव्हा कळलेलं दिसत नाही. अक्षरं थेट मधल्या रेघेवर आहेत.