मदत हवी आहे: ब्लॉगरवर स्थिर पानाला हवं ते नाव कसं द्यायचं?

मंडळी, ब्लॉगस्पॉटवर (म्हणजे ब्लॉगरवरच) मराठीतून लिहितो, आता वरती मेन्यूत 'माझ्याबद्दल', 'कविता', 'वाचलेली पुस्तकं' आणि 'संपर्क' अशी कायमची पानं हवीयत. डॅशबोर्डवर पेजेसमध्ये जाऊन नवीन पेज उघडलं, टायटल दिलं 'माझ्याबद्दल', मजकूर टाकला, पब्लिश केलं, पान उघडतंयही. मात्र लिंकच्या शेवटी माझ्याबद्दलचं नावनिशाण नाही, नुसतं 'ब्लॉग-पेज' आलंय, आणि दुसरं पान केलं तर तेच नाव पुढे आकडा लावून. कुणाला लिंक पाठवली तर कळणार कसं कुठलं पान ते? पोस्ट लिहिताना उजवीकडे पर्मालिंक (म्हणजे लिंकच्या शेवटचं नाव) स्वतः टाईप करता येते, पेजला तो पर्यायच दिसत नाही. शिवाय पानं पब्लिश होऊनही ब्लॉगवर कुठेच दिसत नाहीयेत, थेट लिंक टाकली तरच उघडतात. आणि कवितांच्या पानावर सगळ्या कविता आपोआप गोळा होतील असं काही करता येतं का? कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

प्रतिसाद १:
पेजला पर्मालिंक बदलायची सोय नाहीच्चे, शोधत बसू नका. पान पहिल्यांदा पब्लिश होतं तेव्हा टायटलवरून पत्ता ठरतो, आणि त्यात फक्त रोमन अक्षरं नि आकडे घेतले जातात, देवनागरी सगळं गळून पडतं, मग काहीच उरलं नाही की 'ब्लॉग-पेज'. यावर जुना जुगाड असा की टायटल आधी रोमन लिपीत द्यायचं, समजा 'अबाउट', पब्लिश करायचं, मग तेच पान एडिटला उघडून टायटल 'माझ्याबद्दल' करायचं आणि अपडेट. एकदा ठरलेला पत्ता टायटल बदललं तरी हलत नाही. तुमची झालेली पानं मात्र अशी सुधारणार नाहीत, नवीन पान करून मजकूर तिकडे चिकटवा आणि जुनं ड्राफ्टमध्ये परत टाका. जुनी लिंक कुणाला दिली असेल तर सेटिंग्जमध्ये 'एरर्स अँड रिडायरेक्ट्स' खाली कस्टम रिडायरेक्ट आहे, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर वळवायची सोय, 'फ्रॉम'मध्ये जुना पत्ता, 'टू'मध्ये नवा, डोमेन न लिहिता फक्त पुढचा तिरक्या रेघेपासूनचा भाग, आणि पर्मनंट चालू करा.

प्रतिसाद २:
मेन्यूचं राहिलं. लेआउटमध्ये जा, 'ॲड अ गॅजेट'मधून पेजेस नावाचं गॅजेट (ब्लॉगवर जोडायचा तयार तुकडा) घ्या, हवी ती पानं टिक करा, क्रम लावा, सेव्ह. हेडरखाली ठेवलंत तर बहुतेक थीममध्ये टॅब होतात, साइडबारला ठेवलंत तर यादी.

कवितांसाठी स्थिर पान करूच नका. स्थिर पान म्हणजे भिंतीवरची पाटी, तुम्ही लिहाल तेवढंच दाखवणार, आणि पेजेसना लेबलं लागतही नाहीत. प्रत्येक कविता पोस्ट म्हणून टाका, 'कविता' लेबल द्या, मग कुठल्याही कवितेखालच्या त्या लेबलवर क्लिक करून जी लिंक येते ती कॉपी करून पेजेस गॅजेटमध्येच एक्स्टर्नल लिंक म्हणून जोडा. नवीन कविता टाकली की तिथे आपोआप वर येते. पुस्तकांचंही मी असंच केलं असतं, कारण पेज अपडेट केलेलं फीडवर (नव्या पोस्टांची आपोआप मिळणारी यादी) वाचणाऱ्यांना कळत नाही, तिथे पोस्टच जातात.

धागाकर्ता:
जमलं!! 'माझ्याबद्दल' आणि 'संपर्क' दोन्ही नीट नावाने आली, कविता लेबलवाली केली. पुस्तकांची मात्र यादीच ठेवतोय, एकेका पुस्तकाची पोस्ट लिहिण्याइतका उरक नाही. अजून एक, संपर्कच्या पानाखाली कॉमेंटचा डबा येतोय तो घालवता येईल का?

प्रतिसाद १:
हो. पान एडिटला उघडा, उजवीकडे 'ऑप्शन्स'मध्ये रीडर कॉमेंट्स आहे, तिथे परवानगी नाही नि जुन्याही लपवा असा पर्याय आहे तो निवडून अपडेट करा. दर पानाला वेगळं करावं लागतं हे.