शब्दचर्चा : लॉसन यांच्या ‘वर्कशॉप’ला मराठीत काय म्हणावं?

खडूवाली : आठवी-नववीच्या मुलांसाठी जेम्स लॉसन यांच्यावर भित्तिपत्रक करतेय. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतले हे नेते जून २०२४ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या नॅशव्हिल शहरात एका चर्चच्या तळघरात ते विद्यार्थ्यांना अहिंसा शिकवत. इंग्रजीत सगळीकडे ‘वर्कशॉप’ म्हटलंय. मी ‘अहिंसा कार्यशाळा’ लिहिलं, तर डोळ्यांपुढे चहा-बिस्किटं आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्रच आलं. दुसरा शब्द सुचवा. आणि ‘सिट-इन’ला, म्हणजे काळ्यांना खायला न देणाऱ्या दुकानांतल्या काउंटरवर जाऊन बसण्याला, ‘ठिय्या’ चालेल ना?

वऱ्हाडी : ताई, नागपूरचं नाव नाही होय त्यात? १९५३ ते ५६ लॉसन आमच्या हिस्लॉप कॉलेजात होते. मेथडिस्ट मिशनरी म्हणून आले, पोरांना खेळ शिकवायचे. त्याआधी कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंग भोगून आलेले. माँटगोमेरीत काळ्या लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली! परत गेल्यावर १९५७ मध्ये ओबर्लिनला मार्टिन ल्यूथर किंग भेटले. किंग म्हणाले, दक्षिणेत या, आणि लगेच या. शब्दाचं तुम्ही लोक बघा, पण हे टाकाच.

शब्दवेडा : ‘शिबिर’ म्हटलं की मुक्काम आला, ‘प्रशिक्षण’ला सरकारी परिपत्रकाचा वास. ‘अभ्यासवर्ग’ त्यातल्या त्यात बरा. ‘अहिंसा’ या शब्दाचाही घोळ आहेच. आपल्याकडे तो ऐकला की आधी ताटात काय आहे ते आठवतं. गांधीजींनाही दक्षिण आफ्रिकेत ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ खटकत होता. ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी शब्द मागवले, मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला, त्याचा ‘सत्याग्रह’ झाला. तेव्हा तुम्ही एकट्या अडलेल्या नाही.

लाल माती : तळघरात नेमकं काय चालायचं?

खडूवाली : वाचन, चर्चा, आणि मग सोंगं. काही जण गोरे गुंड व्हायचे. बाकीचे खुर्च्यांवर बसायचे. शिव्या, तोंडावर सिगारेटचा धूर, खुर्चीवरून खाली ओढणं. खाली पडल्यावर डोकं कसं वाचवायचं, हेही. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट हे चळवळीत पुढे नाव झालेले विद्यार्थी तिथलेच.

लाल माती : मग ‘तालीम’ लिहा की! मी लहानपणी चार वर्षं तालमीत जात होतो. वस्तादांनी पहिले कित्येक दिवस डाव शिकवलाच नाही, नुसतं पडायला शिकवलं. दुसऱ्यानं कानाखाली दिली तरी डोकं थंड ठेवायचं, हे बोलून येत नाही, अंगात मुरवावं लागतं. कुस्तीची तालीम, नाटकाची तालीम, दोन्ही अर्थ तुमच्या तळघरात बसतात.

शब्दवेडा : मूळ अरबी अर्थही ‘शिक्षण’च. गांधीजींची ‘नई तालीम’ १९३७ ची, वर्ध्याची. पण एक शंका. नाटकाची तालीम म्हटलं की आंदोलन म्हणजे नाटक, असं मुलं समजतील का?

लाल माती : तालीम कशासाठी, ते पुढच्या ओळीत सांगा. मुलं एवढी बावळट नसतात.

वऱ्हाडी : आमच्याकडे कुस्तीला आखाडा म्हणतात. पण तालीम पटली बा.

शब्दवेडा : ‘ठिय्या’ला मात्र माझा विरोध. ठिय्या देणारा वाट अडवून बसतो, मागणी मान्य झाली की उठतो. १३ फेब्रुवारी १९६० ला ती मुलं दुकानातल्या काउंटरवर गिऱ्हाईक म्हणून बसली. चांगले कपडे, सोबत पुस्तकं. लुईस आणि लाफायेट यांच्या नियमपत्रातच होतं, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, मारलं तरी उलटून मारू नका. मागणी कसली, ती खायलाच मागत होती. आपल्याकडे याच्या जवळचं काय असेल तर २० मार्च १९२७, महाड. बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्यापाशी धरणं धरून बसले नाहीत. ते पाणी प्यायले. मराठीत याला नेमका शब्द आहे, हक्क बजावणं.

खडूवाली : ‘ठिय्या’ गेला. हे डोक्यातच आलं नव्हतं.

वऱ्हाडी : आणि लॉसन शिकत होते ते व्हँडरबिल्ट विद्यापीठ?

खडूवाली : आहे ना. मार्च १९६० मध्ये विद्यापीठानं या आंदोलनामुळे लॉसन यांना काढून टाकलं. १० मे रोजी नॅशव्हिलचे काउंटर काळ्या गिऱ्हाइकांना खुले झाले. पुढे त्याच विद्यापीठानं त्यांना शिकवायला बोलावलं, आता तिथे त्यांच्या नावाची अहिंसक चळवळींच्या अभ्यासाची संस्था आहे. यावर मुलं स्वतःच काय ते बोलतील.

मथळा असा केलाय : ‘नागपूरहून नॅशव्हिलला : तळघरातली तालीम’. चित्राखाली : ‘काउंटरवर बसून हक्क बजावणारे विद्यार्थी, १९६०’. ‘काउंटर’ला ‘गल्ला’ करू नका म्हणजे झालं, मुख्याध्यापकांनी आत्ताच सुचवलंय.