जेनेरिक औषध मूळ ब्रँडइतकेच परिणामकारक असते का?

शंकेखोर

माझ्या आईला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड या तिन्हींसाठी रोज गोळ्या घ्याव्या लागतात. आजवर ती ठरावीक ब्रँडच घेत आली आहे. आता डॉक्टरांनी चिठ्ठीवर केवळ औषधद्रव्यांची नावे लिहिली असून जेनेरिक (मूळ कंपनीच्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनी बनवलेले तेच औषध) घेतले तरी चालेल, असे सांगितले आहे. यावरून घरात दोन तट पडले आहेत. एका बाजूच्या मते औषध तेच, वेष्टन तेवढे वेगळे. दुसऱ्या बाजूच्या मते जेनेरिक गोळीत २० टक्के औषध कमी असले तरी नियमांनुसार ती चालते, आणि जे स्वस्त आहे त्यात कुठेतरी काटछाट झालेलीच असणार. हा २० टक्क्यांचा आकडा खरा आहे का? आणि या तिन्ही औषधांना एकच न्याय लावता येईल का? कारणांसहित उत्तरे मिळाल्यास आभारी राहीन.

खलबत्ता

औषधनिर्मिती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे या २० टक्क्यांच्या समजुतीशी माझी जुनी ओळख आहे. गोळीत औषधद्रव्य किती असावे याची मर्यादा मूळ ब्रँड आणि जेनेरिक या दोघांनाही सारखीच असते आणि ती बरीच काटेकोर असते. ज्यावरून ही समजूत पसरली ती ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा गोळीतील औषधाची नव्हे, तर रक्तात पोहोचणाऱ्या औषधाच्या तुलनेची आहे. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध आणि मधे पुरेसा काळ जाऊ देऊन एकदा जेनेरिक देतात, ठरावीक वेळाने रक्ताचे नमुने घेतात आणि दोन गोष्टी मोजतात: औषधाची रक्तातील सर्वोच्च पातळी आणि एकूण किती औषध शोषले गेले. जेनेरिकचे मूळ औषधाशी असलेले गुणोत्तर १०० टक्क्यांच्या जवळ यावे लागते. पण सरासरी तेवढी जवळ येऊन भागत नाही. थोड्या माणसांवर केलेल्या कोणत्याही मोजमापात अनिश्चितता असते, त्यामुळे सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा धरतात आणि तो संपूर्ण पट्टा ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. एखादे जेनेरिक खरोखरच २० टक्के कमी शोषले जात असेल, तर त्या पट्ट्याचा खालचा भाग मर्यादेबाहेर जातो आणि ते औषध नापास होते. (८० च्या समोर १२० न घेता १२५ का, असे अनेक जण विचारतात. तुलना गुणोत्तरात होते, आणि १०० ला ८० ने भागल्यास १.२५ येते, इतकेच त्याचे कारण.)

प्रत्यक्षात किती फरक आढळतो, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९९६ ते २००७ या १२ वर्षांत तिच्याकडे आलेल्या २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा एकूण शोषणातील सरासरी फरक सुमारे ३.५ टक्के आणि सर्वोच्च पातळीतील फरक सुमारे ४.३ टक्के निघाला.

आता स्वस्ताईबद्दल. मूळ कंपनीला रेणू शोधण्यापासून हजारो रुग्णांवरील चाचण्यांपर्यंतचा खर्च पेटंटच्या मुदतीत भरून काढायचा असतो. मुदत संपल्यावर इतरांना त्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने ही वाट स्पष्टपणे खुली केली. शिवाय एकच औषध अनेक कंपन्या बनवू लागल्या की किंमत आपोआप उतरते. त्यासाठी गोळीत काटछाट करावी लागत नाही. अनेक देशांत आणखी एक गंमत असते: ज्याला रुग्ण ‘ब्रँड’ म्हणतात, तेही शोधक कंपनीचे नसून दुसऱ्या एखाद्या कंपनीने स्वतःचे नाव देऊन विकलेले जेनेरिकच असते. आपल्या आईंची गोळी मुळात कोणत्या गटातली होती, हे आधी पाहावे.

तिरकस

कागदावरची ही मांडणी मला मान्य आहे. परंतु ती जितकी निर्दोष दाखवली जाते तितकी नाही. नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन या औषधाच्या, हळूहळू विरघळणाऱ्या ३०० मिलिग्रॅमच्या एका जेनेरिक गोळीला १५० मिलिग्रॅमच्या गोळीवरील चाचणीच्या आधारे मान्यता मिळाली होती. परिणाम होत नसल्याच्या तक्रारी रुग्ण करत राहिले आणि हा मनाचा खेळ आहे असे त्यांना सुचवले गेले. अखेर नियामकांनी ३०० मिलिग्रॅमची स्वतंत्र चाचणी करवली, ती गोळी मूळ औषधाशी समतुल्य नसल्याचे आढळले आणि २०१२ मध्ये ती बाजारातून गेली. शिवाय मान्यतेसाठी तपासलेली गोळी आणि पुढे वर्षानुवर्षे कारखान्यातून निघणाऱ्या बॅचेस सारख्याच असतील, हे देखरेख चोख असेल तरच म्हणता येते. रुग्णाची तक्रार वेडगळ ठरवण्याची घाई करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

निदान

मी रुग्ण तपासणारा डॉक्टर आहे. तिरकस यांनी दिलेले उदाहरण खरे आहे आणि त्यातून घेण्यासारखेही आहे. मात्र ते हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचे आहे, जिथे औषध किती यापेक्षा ते किती वेगाने सुटते हे गुंतागुंतीचे असते. साध्या गोळ्यांना ती शंका तितक्या प्रमाणात लागू होत नाही. हृदयविकार आणि रक्तदाबावरील औषधांच्या तुलनात्मक अभ्यासांचा २००८ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात जेनेरिक कमी पडतात असा पुरावा मिळाला नाही. मजेची बाब अशी की त्याच काळात वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या संपादकीय लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेखांचा सूर मात्र जेनेरिकच्या विरोधात होता. तेव्हा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बदलायला माझी काहीच हरकत नाही. बदलानंतर काही आठवडे रक्तदाब नोंदवावा, कोलेस्टेरॉल नेहमीच्या वेळी तपासावे.

थायरॉइडच्या गोळीला मी वेगळे मानतो. तिच्यातील औषधद्रव्य लेव्होथायरॉक्सिन, त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि थोडासा फरकही तपासणीत उमटतो. फिट्सवरील फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस हीही अशीच नाजूक औषधे आहेत. युरोपात अशा औषधांसाठी ८० ते १२५ ऐवजी सुमारे ९० ते १११ टक्क्यांची आवळलेली मर्यादा लावतात. परंतु याचा अर्थ ‘ब्रँड सुरक्षित, जेनेरिक धोक्याचे’ असा होत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भरणद्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज केले गेले. औषधाचे प्रमाण तेच असूनही ते रक्तात जास्त उतरू लागले आणि रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसली. फ्रान्समध्ये २०१७ साली लेव्होथायरॉक्सिनच्या प्रस्थापित ब्रँडनेच लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल वापरले, तेव्हा हजारो तक्रारी आल्या आणि जुने मिश्रण पुन्हा उपलब्ध करून द्यावे लागले. दोन्ही प्रसंगी रुग्णांनी ब्रँड सोडून जेनेरिक घेतले नव्हते. बदलले होते ते गोळीचे मिश्रण. म्हणून थायरॉइडसाठी जेनेरिक निवडले तरी चालेल, पण एकदा निवडलेल्या उत्पादकाचीच गोळी दर महिन्याला घ्यावी, आणि उत्पादक बदलावाच लागला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची मात्रा बरोबर आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासावे. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण हे औषध शरीरात सावकाश स्थिरावते. ही गोळी उपाशीपोटीच घ्यावी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांपासून काही तास दूर ठेवावी. माझ्या पाहण्यात ‘नव्या गोळीने’ बिघडलेल्या अनेक तपासण्यांचे मूळ या सवयींत सापडले आहे.

शंकेखोर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. एक शंका उरली आहे. नवीन गोळीचा रंग आणि आकार वेगळा असल्याने आई साशंक आहे, आणि जुन्या ब्रँडच्या काही गोळ्याही घरात शिल्लक आहेत. त्या संपवून मग नवीन सुरू करावी का?

खलबत्ता

मुदत संपलेली नसेल तर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या शिल्लक गोळ्या आधी संपवण्यास हरकत नाही. थायरॉइडच्या बाबतीत बदलाची तारीख लिहून ठेवावी, म्हणजे टीएसएच कधी तपासायचे ते ठरवता येईल. आईंची शंका मात्र हलक्यात घेऊ नका. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यानंतर औषध मधेच बंद होण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यानंतर ६६ टक्क्यांनी वाढलेली आढळली होती. याच्या उलट चूकही घडते: जुने आणि नवीन पाकीट शेजारी पडलेले असते, नावे निराळी असतात, आणि एकच औषध सकाळी दोनदा घेतले जाते. जुनी पाकिटे संपेपर्यंत नवीन पाकीट फोडूच नका, आणि प्रत्येक पाकिटावर औषधद्रव्याचे नाव व मात्रा ठळक अक्षरांत मराठीत लिहून ठेवा.