मदत हवी आहे : नागपूरचा उन्हाळा, कूलरची हवा आणि संगणकाचे वॉटर कूलिंग

नमस्कार मंडळी,

माझ्या गेमिंग संगणकासाठी सुटे भाग घेऊन वॉटर कूलिंगचा लूप (पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड थंड ठेवणारे बंद चक्र) स्वतः जुळवायचे मी ठरवले आहे. भाग मागवण्यापूर्वी मुख्यतः एका प्रश्नावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे : रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा जाळीदार भाग) कॅबिनेटच्या, म्हणजे संगणकाच्या पेटीच्या, बाहेर काढून खोलीतल्या कूलरच्या हवेत ठेवणे कितपत योग्य ठरेल?

आधी परिस्थिती सांगतो. घर नागपुरात आहे आणि खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबमुळे, कूलर बंद असेल तर, रात्री नऊ वाजतासुद्धा खोलीत ३९ अंश भरतात. प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स आहे, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८०. कार्ड ३२० वॅटपर्यंत आणि प्रोसेसर पूर्ण भारावर १४२ वॅटपर्यंत वीज घेतो, पण प्रत्यक्ष खेळताना प्रोसेसरवर तेवढा भार येत नसल्याने मी एकूण ४०० वॅट धरले आहेत. गेल्या नवतपात प्रोसेसर ९० अंशांच्या मर्यादेला टेकून आपला वेग कमी करू लागला आणि कार्डाच्या पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईला ऐकू जाऊ लागला, तेव्हापासून हा विचार डोक्यात आहे.

माझा हिशेब असा आहे. लूपमधले पाणी रेडिएटरवरून जाणाऱ्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. एक ३६० आणि एक २४० मिलिमीटरचा रेडिएटर घेतला तर १२० मिलिमीटरच्या पाच पंख्यांची जागा मिळते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८० वॅट येतात आणि पाणी हवेपेक्षा साधारण १० ते १२ अंशांनी गरम राहील. पुण्यात किंवा नाशकात हा आकडा निश्चिंत करणारा आहे. माझ्या खोलीत मात्र ३९ अधिक १२ म्हणजे ५१ अंश होतात आणि लूपमधले पाणी फिरवणाऱ्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंशांची आहे. शिवाय ५८००एक्सची बहुतेक उष्णता एका लहानशा चिपमधून बाहेर पडते, त्यामुळे तो पाण्यापेक्षा ३० अंशांनी तरी वर राहील, म्हणजे पुन्हा ८० च्या पुढे. एवढा खर्च करून हाती केवळ शांतता येणार असेल, तर ते मला आधीच कळलेले बरे.

कूलर चालू असताना मात्र चित्र बदलते. वाळ्याच्या ताट्या नीट भिजलेल्या असल्या की मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलरच्या तोंडाशी ३० अंशांपेक्षा कमी तापमान मी स्वतः मोजले आहे. त्या हवेत रेडिएटर ठेवला तर पाणी ४२ अंशांच्या आसपास राहील. मृग लागल्यावर कूलर नुसता चिकचिकाट करतो हे खरे, पण तोवर बाहेरचे ऊनही उतरलेले असते.

अडचण क्षारांची आहे. आमच्याकडे कूलरमध्ये बोअरवेलचे पाणी भरतात. गेल्या दिवाळीत ग्राफिक्स कार्ड उघडले तेव्हा त्याच्या पत्र्यांच्या कडांवर, कूलरच्या जाळीवर साचतो तसाच, नखाने खरवडल्यावर भुकटी होऊन पडणारा पांढरा थर होता. कार्ड तेव्हा कूलरपासून जेमतेम चार फुटांवर होते. हवेतल्या दमटपणाने गरम भागांवर दव साठणार नाही हे मला ठाऊक आहे. भीती आहे ती हवेबरोबर उडणाऱ्या बारीक थेंबांची. म्हणूनच रेडिएटर एकटाच स्टँडवर, कूलरपासून सहा फुटांवर ठेवावा, कॅबिनेट भिंतीआड असावे आणि दोन्हींमध्ये दोन-दोन मीटरच्या ट्यूब व झटकन सुटणारे जोड असावेत, अशी माझी कल्पना आहे. क्षार साचले तर रेडिएटरवर साचतील आणि तो सोडवून ब्रशने धुता येईल. एवढ्या लांबीला एक डी५ पुरेल असे मला वाटते. मिनिटाला चार लिटर पाणी फिरले तर ४०० वॅटने एका फेरीत पाण्याचे तापमान जेमतेम दीड अंश वाढते, त्यामुळे पाणी आधी प्रोसेसरवरून न्यावे की कार्डावरून हा वाद मी सोडून दिला आहे.

सीताबर्डीत चौकशी केली, तेव्हा एका ओळखीच्या मेकॅनिकने मोटारसायकलचा रेडिएटर स्वस्तात लावून देण्याची तयारी दाखवली. तो अॅल्युमिनियमचा असल्याने मी नकार दिला, कारण वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी जाणारा भाग) तांब्याचा आहे आणि दोन्ही धातू एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम झिजू लागते. पण ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त रेडिएटरांवर काळा रंग असतो, तेव्हा आतला धातू कसा ओळखावा?

ट्यूबसाठी पीईटीजी या कडक, पारदर्शक प्लास्टिकऐवजी काळी ईपीडीएम रबरी ट्यूब घ्यावी असे मनात आहे. दिसायला साधी असली तरी गरम पाण्यात मऊ पडून जोडातून निसटण्याची धास्ती नाही. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर गंजरोधक आणि शेवाळरोधक मिसळून वापरले तर चालते का, की तयार कूलंटच घ्यावे?

विदर्भात कोणी असा लूप एक पूर्ण उन्हाळा चालवला असेल, तर कृपया किमान एक तास खेळल्यानंतरचे खोलीचे आणि पाण्याचे, अशी दोन्ही तापमाने कळवावीत. पाणी सावकाश तापत असल्याने दहा मिनिटांच्या चाचणीवरून मला अंदाज बांधता येणार नाही. गुढीपाडव्याला कूलर बाहेर निघतो. त्याआधी रेडिएटरची जागा पक्की करायची आहे.